बाबांना अग्नी दिला नाही

या वेळच्या टपालात एकाच विषयाभोवतीची तीन पत्रं आली. पहिलं मोठं आहे, त्याचं उत्तरही मोठंच झालं आहे.

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. ऐंशी पूर्ण झाल्यावर त्यांनी देहदानाचा अर्ज भरला, आईची आणि माझी सही घेतली आणि एक प्रत देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. गेल्या माघात पहाटे चारला ते गेले. भाऊ परदेशात असतो. मी कॉलेजला फोन केला, आठला गाडी आली आणि साडेआठला बाबांना घेऊन गेली. काका गावाहून निघाले होते, ते दहाला पोचले. घरात तेव्हा नुसती पणती होती. ते काही बोलले नाहीत. दहाव्याचं काकांच्या मुलानं केलं. घाटावर दीड तास झाला तरी पिंडाला कावळा शिवेना. तेव्हा काका सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "कसा शिवेल? अग्नी नाही, तर गती नाही. मास्तर अजून त्या पोरांच्या टेबलावर पडलाय." शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेराव्याला काका पानावर बसले नाहीत. आई तेव्हापासून मध्यरात्री उठून बसते आणि विचारते, "सुटले असतील का गं ते?" मी बाबांचा शब्द पाळला. मग अधर्म कुणी केला, मी की काकांनी? आणि आईला काय सांगू?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, ३१ वर्षं मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवलं. काका ज्या टेबलाबद्दल बोलले, त्या टेबलाशीच माझं आयुष्य गेलं. तेव्हा आधी तिथलं सांगते.

देह आला की आधी कागद बघतात. मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, नातेवाइकांची संमती. मग मांडीतली धमनी उघडून तिच्यातून औषधी द्रव सोडतात. त्यात फॉर्मॅलिन असतं, ग्लिसरीन असतं, स्पिरिट असतं. भांडं उंचावर टांगलेलं असतं, सलाइनसारखं, आणि द्रव आपल्या वजनानं सावकाश उतरतो. याला काही तास लागतात, घाई करून चालत नाही. त्यानंतर देह कित्येक महिने नीट राहतो आणि पहिल्या वर्षाची मुलं त्याच्यावर शिकतात. कामाला हात लावण्याआधी मुलं शपथ घेतात, की हा देह आमचा पहिला गुरू आहे, त्याचा मान राखू. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं असतात. त्या दिवशी हॉलमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नाही.

आता एक प्रसंग. बरीच वर्षं झाली. एका निवृत्त शिक्षकांचा देह आला होता, बरोबर त्यांच्या पत्नी. नऊवारीतल्या, सत्तरीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, यांना कुठं ठेवणार ते मला बघायचंय. एरवी आम्ही नातेवाइकांना दारापाशीच थांबवत असू, पण त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही. आत आल्या, स्टीलच्या टेबलावर हात ठेवला, झटक्यात काढून घेतला आणि मला म्हणाल्या, "बाई, लई गार आहे हो हे." आमचे शिपाईमामा शेजारी उभे होते. देह आणला की "या आजोबा", "या आजी" असं म्हणूनच ते स्ट्रेचर धरायचे. त्यांनी काही न बोलता त्या बाईंच्या हातातली शाल घेतली, उलगडली आणि मास्तरांच्या पायांवरून नीट पसरली. दुसऱ्या दिवशी द्रव सोडायची वेळ आली तेव्हा मामांनी ती घडी करून आपल्या कपाटात ठेवली, आणि वर्षभरानं त्या बाई आल्या तेव्हा त्यांच्या हातात दिली. तुमच्या आईंना हे वाचून दाखवा. तुमचे बाबा ज्या कॉलेजात आहेत तिथेही असे कुणी मामा असतील. मी जिथे जिथे परीक्षक म्हणून गेले, तिथे मला ते भेटले आहेत.

आता काकांकडे येते. काकांना अडाणी म्हणून बाजूला सारू नका. ते ज्या ठिकाणी उभे आहेत तिथून त्यांचं म्हणणं पूर्ण नीतीचं आहे. आपल्याकडे मृताला अग्नी देणं हा विधी आहेच, पण तो त्याहून मोठा आहे. ते मागे राहिलेल्याच्या डोक्यावरचं देणं आहे. आपल्या माणसाला त्याच्या घरापासून वेशीपर्यंत खांद्यावर न्यायचं, शेवटची ऊब द्यायची आणि मगच घरी परतायचं. ज्यानं हे केलं नाही, त्यानं भावाला रस्त्यात सोडलं, असं काकांच्या मनाला वाटतं.

पण हाच अग्नी मला दुसऱ्या बाजूनंही बघायला मिळाला. मुंबईत शिकत असताना वसतिगृहात माझ्या खोलीत एक पारशी मुलगी होती. तिची आजी गेली तेव्हा मी तिच्यासोबत मलबार हिलवर डुंगरवाडीला, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागी, गेले. परधर्मीयांना प्रार्थनेनंतर देहाचं दर्शन नसतं, म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसले होते. पांढऱ्या कपड्यांतली माणसं जोडीजोडीनं, दोघांत एक पांढरा रुमाल धरून, चढावर निघाली. वर झाडांवर गिधाडं होती. मला अंगावर काटा आला आणि रात्री न राहवून मी तिला म्हणाले, "आपल्या आजीला पक्ष्यांपुढे ठेवायचं, तुम्हाला कसं गं सहन होतं?" ती रडत होती, पण थांबली आणि माझ्याकडे अशी बघू लागली की मीच काही भयंकर बोलले. म्हणाली, "आणि तुम्ही मढं अग्नीत टाकता? अग्नीत?"

ताई, मला तो प्रश्न आजही पुरून उरला आहे. तिच्यासाठी अग्नी इतका पवित्र, की त्यात प्रेत घालणं हे पाप. काकांसाठी अग्नी इतका पवित्र, की प्रेत त्याच्या हवाली न करणं हे पाप. दोघंही अग्नीला हात जोडतात. मूल्य एकच, आणि त्यातून निघालेली कर्तव्यं एकमेकांच्या पार उलट. वर तिच्या घरच्यांना हेही वाटत होतं, की शेवटी आपला देह पक्ष्यांच्या मुखी लागला, एवढं तरी दान हातून घडलं. तुमच्या बाबांच्या अर्जात यापेक्षा वेगळं काय होतं?

पुढे काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या गुरांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती पटापट मेली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. डुंगरवाडीला गिधाडं उरली नाहीत. मग पारशी समाजात तुमच्या घरातलाच वाद सुरू झाला, फक्त उलट्या बाजूनं : दहन करावं का? २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत दहन निवडणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह सुरू झालं. तरी या विधीला परंपरेचे अभिमानी धर्मगुरू मान्यता देत नाहीत. तिथेही कुणी काका जेवायला बसले नसतील.

आणि आपल्यात तरी एकच रीत आहे का? तुमच्या शेजारच्या सोलापुरात आणि कोल्हापुरात लिंगायत घरांत मृताला बसवून पुरतात, हातात इष्टलिंग असतं. संन्याशाला अग्नी देत नाहीत. दात न आलेल्या बाळाला देत नाहीत. आळंदीला ज्या समाधीपुढे काका वारीत डोकं टेकवत असतील, तिथेही चिता पेटली नव्हती. यांतल्या कुणाला गती मिळाली नाही, असं काकाही म्हणणार नाहीत.

ज्याचा देहच हाती लागला नाही, जो पुरात गेला, परमुलखात गेला, त्याच्यासाठीही शास्त्रानं सोय ठेवली आहे. पालाशविधी म्हणतात त्याला. पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करतात, कुठल्या अवयवाला किती देठ याचाही हिशेब असतो, आणि त्या पुतळ्याला अग्नी देतात. आईंची इच्छा असेल तर तुमच्या गुरुजींना जरूर विचारा. मी स्वतः हे विधी करत नाही. पण तुमच्या आईंच्या रात्री शांत होणार असतील तर त्याला अंधश्रद्धा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बाबांची इच्छा देहाबद्दल होती, ती पूर्ण झाली. विधी त्यांच्या मागे राहिलेल्यांचा आहे.

कावळ्याचंही बोलते. माझ्या वडिलांना आम्ही रीतसर अग्नी दिला. चंदनाचा तुकडासुद्धा कमी पडू दिला नाही. तरी दहाव्याला दोन तास कावळा शिवला नाही. आत्या म्हणाली, मुलीच्या लग्नात जीव अडकलाय. ती मुलगी म्हणजे मीच. मी हात जोडून कबूल केलं, भाऊ म्हणाला काळजी करू नका, तरीही नाही. मग सगळे घाटाच्या पायऱ्यांवर मागे सरकलो, गर्दी पांगली आणि कावळा आला. घाटावर तुम्ही किती माणसं पिंडाला वेढा घालून उभी होतात, आठवून बघा.

आता एक गोष्ट, जी मी व्याख्यानांत सांगते आणि सांगताना दरवेळी माझा आवाज जड होतो. देहदान वाढण्याआधी आम्ही कुणाच्या देहांवर शिकलो? बेवारस म्हणून आलेल्यांच्या. १९४९ च्या शरीररचना कायद्यानं, ज्याच्यावर कुणी हक्क सांगत नाही असा देह शिक्षणासाठी घेता येतो. स्टेशनवर मेलेला, फूटपाथवर मेलेली, इस्पितळात एकटाच दगावलेला. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांचा धर्म कुठला, त्यांना पुरायचं होतं की जाळायचं होतं, याची नोंद आमच्याकडे नसे. त्यांच्या गतीसाठी कुठली भावकी घाटावर उभी राहिली नाही. आणि तुमच्या माझ्या गावातले सगळे मोठे डॉक्टर त्यांच्यावर शिकून मोठे झाले. काकांच्या गुडघ्याला हात लावणारा डॉक्टरसुद्धा. हे ओझं मी शिक्षक म्हणून बाळगलं आहे. म्हणून जेव्हा तुमच्या बाबांसारखा माणूस शुद्धीत, स्वतःच्या सहीनं, घरच्यांना सांगून आपला देह पाठवतो, तेव्हा आमच्या लेखी तो फार वेगळा देह असतो. तो कुणी आणून टाकलेला नसतो, आपण होऊन आलेला असतो.

तेव्हा अधर्म कुणी केला? माझ्या मते कुणीच नाही. पण चूक झाली आहे, आणि ती तुमची आहे. राग मानू नका. बाबा चारला गेले, गाडी साडेआठला निघाली. काका वाटेत आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं. साधारण सहा ते आठ तासांत देह पोचला तर चालतो. कॉलेजला फोन करून "काका येताहेत, दहाला निघू" असं सांगितलं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं. काकांनी भावाच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं असतं, गंगेचं पाणी घातलं असतं, गाडीपर्यंत स्ट्रेचरला खांदा दिला असता. देहदानाच्या फॉर्ममध्ये यातल्या कशालाही मनाई नाही. तुम्ही बाबांचा शब्द पाळायच्या घाईत होतात, कुणीतरी येऊन अडवील अशी भीतीही असेल. नातेवाइकांनी विरोध केला तर कॉलेज देह नेत नाही, त्यामुळे ती भीती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. पण काका आले ते रिकाम्या घरात. भावाचं तोंड पाहिलं नाही, खांदा दिला नाही. दहाव्याला ते गतीबद्दल बोलले, पण मला पत्रात ऐकू आला तो हा सल.

म्हणून काकांना दधीची ऋषींची गोष्ट सांगायला जाऊ नका. त्यांना ती तुमच्याआधीपासून पाठ आहे. सुश्रुतसंहितेत मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवायला आणि मग एकेक थर अलगद काढून बघायला सांगितलं आहे, हेही सांगू नका. खरं आहे ते सगळं, पण तुमचं भांडण माहितीचं नाही. गावी जा. त्यांच्यासमोर बसा आणि म्हणा, "काका, मी तुमच्यासाठी थांबायला हवं होतं." एवढंच. देहदानाबद्दल माफी मागू नका, कारण तो निर्णय तुमच्या बाबांचा होता. थांबायचं राहिलं, त्याची मागा.

मग जमलं तर आई आणि काका, दोघांना कॉलेजात घेऊन जा. आधी विभागात फोन करा. आमच्याकडे दर वर्षी एक दिवस देहदात्यांच्या घरच्यांना बोलवत असू, मुलं फुलं वाहायची. तुमच्याकडे असा दिवस आहे का ते विचारा. काम संपल्यावर अवशेषांचं काय करतात, तेही मोकळेपणानं विचारा. हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात, पण त्याचं उत्तर द्यायला विभाग बांधील आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना नेत्रदान करायचं आहे. आमच्या शेजारणीनं सांगितलं की डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळं जन्माला यावं लागतं. सासूबाई आता डळमळल्या आहेत.
— एक वाचक, नालासोपारा

उत्तर : हे मी इतक्यांदा ऐकलं आहे! सासूबाईंना श्रीलंकेचं सांगा. तिथले बहुसंख्य लोक बौद्ध आहेत, पुनर्जन्म तेही मानतात. त्यांच्या जातककथांत शिबी राजा मागणाऱ्याला आपले दोन्ही डोळे काढून देतो. महाभारतातला, कबुतरासाठी स्वतःचं मांस तोडून देणारा, तोच शिबी. ही गोष्ट ऐकत वाढलेल्या समाजाला नेत्रदान म्हणजे पुढच्या जन्माची पुण्याई वाटते. १९६१ साली तिथे नेत्रदानाची संस्था उभी राहिली आणि त्या छोट्या बेटावरून हजारो डोळे जगभर गेले. माजी राष्ट्राध्यक्ष जयवर्धने १९९६ मध्ये वारले तेव्हा त्यांचेही डोळे दिले. पुनर्जन्मावरचा विश्वास तोच. तो तिथे हात पुढे करायला लावतो आणि नालासोपाऱ्यात हात मागे घ्यायला लावतो, कारण सांगितलेली गोष्ट वेगळी.

मात्र त्या देशाला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. कोरोनाच्या काळात, २०२० च्या एप्रिलपासून, तिथल्या सरकारनं कोरोनानं गेलेल्या मुसलमानांचंही सक्तीनं दहन केलं. दफनानं धोका नाही असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगूनही २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत तो नियम उठला नाही. परक्याला डोळे देणारा समाज शेजाऱ्याच्या कबरीपाशी इतका कठोर झाला, याचं मला अजून वाईट वाटतं.

सासूबाईंसाठी कामाचं : डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला, मधुमेह असला तरी चालतं. चेहरा विद्रूप होत नाही. नंतर हवे ते सगळे विधी करा.

प्रश्न : आम्ही मुस्लिम आहोत. मुलाचा या वर्षी एमबीबीएसला नंबर लागला. आमच्याकडे देहदान करत नाहीत, मीही करणार नाही. मग दुसऱ्यांच्या देहावर माझ्या मुलानं शिकणं हा दुटप्पीपणा आहे का? मुलगाच मला विचारतो आहे.
— एक वाचक, मिरज

उत्तर : असा प्रश्न पडणारा मुलगा चांगला डॉक्टर होणार, हे आधी सांगते. दुटप्पीपणा नाही. तसं म्हटलं तर माझ्या वर्गातल्या बहुतेक हिंदू मुलांच्या घरीही कुणी देहदान करू दिलं नसतं. देह ही अल्लाची अमानत, मेलेल्याचं हाड मोडणं हे जिवंताचं हाड मोडण्यासारखं, अशी तुमच्याकडे शिकवण आहे. मृताबद्दलचा इतका कोवळा आदर मला परका वाटत नाही. अवयवदानाचा प्रश्न वेगळा आहे. त्याला जेद्द्याच्या फिक्ह अकादमीनं, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांच्या संस्थेनं, १९८८ मध्ये अटींसह परवानगी दिली, तरी सगळ्या उलेमांचं त्यावर एकमत नाही. तुमच्या जाणत्यांना विचारून तुम्ही ठरवा. रक्तदान तर कुणालाही आजही करता येतं.

मुलाला माझ्या एका सहकाऱ्यांबद्दल सांगा. नमाजी माणूस, २६ वर्षं आमच्याबरोबर शिकवलं. स्वतःचा अर्ज त्यांनी कधी भरला नाही आणि त्यावरून आमच्यात कधी शब्दही झाला नाही. नव्या वर्षाचा पहिला तास असला की ते मुलांच्या अर्धा तास आधी हॉलमध्ये यायचे, प्रत्येक टेबलापाशी जाऊन देहावरची चादर सारखी करायचे आणि चेहऱ्यावर धुतलेला पांढरा रुमाल घालायचे. मुलं आत आली की त्यांचा पहिला नियम हाच असे : ज्या दिवशी चेहरा शिकायचा, त्याच दिवशी हा रुमाल निघेल, आणि तास संपला की पुन्हा घालायचा.